कापड कोण हलवते?
यंत्रावरच्या गोधडीच्या अभ्यासाची प्रस्तावना

गोधडीवर मराठीत जे लिहिले गेले आहे त्यात आजी आहे, माया आहे, ऊब आहे, जुन्या लुगड्यांचा मऊपणा आहे. थर किती घेतले, दोरा कोणता वापरला, धावदोऱ्याच्या दोन ओळींत अंतर किती ठेवले, गोट सरळ पट्टीचा लावला की उरेब पट्टीचा, याची नोंद मात्र क्वचितच सापडते. आठवणींचे लेखन भरपूर आणि कारागिरीचे लेखन तुटपुंजे, अशी ही स्थिती आहे. त्यात शिवणयंत्रावर केलेली गोधडी म्हणजे तर दुहेरी उपेक्षा. परंपरेच्या अभ्यासकाला ती अस्सल वाटत नाही आणि शिवणवर्गाच्या अभ्यासक्रमात ब्लाउज, परकर, झबले यांच्यापुढे तिची पाळी येत नाही. ही प्रस्तावना त्या उपेक्षित गोधडीसाठी आहे. नव्या तंत्रांचे आणि नव्या कापडांचे प्रयोग करू पाहणाऱ्यांना या विषयात कुठून शिरावे आणि काय पाहावे, एवढे तिने सांगितले तरी पुरे.

आधी विषयाची हद्द आखू. वरचे कापड, मधली भरणी आणि खालचे अस्तर असे तीन थर टाक्यांनी एकत्र बांधले की क्विल्ट होते. आपल्याकडच्या बऱ्याच गोधड्यांत वेगळी भरणी नसते. जुन्या लुगड्यांचे आणि धोतरांचे एकावर एक घातलेले थर हीच भरणी. दोन्हीकडे मूळ प्रश्न एकच: थर जागचे हलू न देता एकमेकांशी कसे बांधायचे? ठिगळे जोडून वरचा नक्षीचा भाग तयार करणे हे निराळे काम आणि थर बांधणे हे निराळे काम. यंत्राच्या खऱ्या अडचणी दुसऱ्या कामात सुरू होतात. म्हणून या अभ्यासाचे केंद्रही तेच.

हाताने गोधडी घालताना कापड जमिनीवर अंथरलेले असते आणि सुई त्यावरून फिरते. चार बायका चार बाजूंनी बसू शकतात, कारण कापडाला कुठे जायचे नसते. शिवणयंत्रात हे सारे उलटे होते. सुई एका जागी वरखाली होते आणि कापडाला तिच्याखालून सरकावे लागते. हा उलटफेर नीट समजला की यंत्रावरचे प्रत्येक तंत्र एका प्रश्नाचे उत्तर म्हणून वाचता येते: कापड कोण हलवते?

इतिहास थोडक्यात पाहू. दोन दोऱ्यांच्या पक्क्या टिपेच्या यंत्राचे पेटंट एलियास हाऊ यांना १८४६ साली अमेरिकेत मिळाले, तर आयझॅक सिंगर यांच्या यंत्राचे पेटंट १८५१ चे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या अमेरिकी क्विल्टांवर यंत्राची टीप दिसते आणि कित्येकदा ती मुद्दाम दिसेल अशी घातलेली असते. घरात यंत्र असणे प्रतिष्ठेचे होते, तेव्हा टीप लपवायची कशाला? भारतातही हे यंत्र लवकर रुळले. यंत्रसंस्कृतीवर कठोर टीका करणाऱ्या गांधीजींनी १९२४ सालच्या एका संवादात सिंगर शिवणयंत्राला स्पष्ट अपवाद ठरवले होते. १९३० च्या दशकात कोलकात्यात उषा यंत्रे बनू लागली आणि पुढे काळे, सोनेरी वेलबुट्टीचे पायमशीन मध्यमवर्गीय घरात कपाटाइतके परिचित झाले.

तरीही क्विल्टच्या जगात यंत्राला मान मिळायला वेळ लागला. १९७१ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात जोनाथन होलस्टीन आणि गेल व्हॅन डर हूफ यांच्या संग्रहातल्या क्विल्टांचे प्रदर्शन भरले. पलंगावरची वस्तू भिंतीवर चढली, तिच्याकडे चित्र म्हणून पाहिले जाऊ लागले. त्यानंतरच्या उत्साहातही हाताचा टाका श्रेष्ठ आणि यंत्राची टीप म्हणजे तडजोड, असेच मानले जाई. १९७९ साली जपानच्या ओल्फा कंपनीने फिरत्या पात्याचा कटर आणला आणि एकावर एक ठेवलेले कापड सरळ रेषेत झपाट्याने कापता येऊ लागले. १९८० च्या दशकात हॅरिएट हारग्रेव्ह यांच्यासारख्या शिक्षिकांनी घरच्या यंत्रावर नाजूक क्विल्टिंग कसे करावे याची शिस्तशीर मांडणी केली. १९८९ साली अमेरिकन क्विल्टर्स सोसायटीच्या प्रदर्शनात कॅरिल ब्रायर फॅलर्ट यांच्या सूर्यग्रहणावरच्या क्विल्टला सर्वोत्कृष्ट कृतीचा पुरस्कार मिळाला. यंत्रावर क्विल्ट केलेल्या कृतीला तिथे मिळालेला तो पहिला सर्वोच्च पुरस्कार. तेव्हापासून वादाचा रोख बदलला. यंत्र चालेल का, हा प्रश्न मागे पडला आणि यंत्रावर काय काय करता येईल, याचा शोध सुरू झाला.

त्या शोधाच्या तीन वाटा आहेत. पहिलीत कापड यंत्र हलवते. सुई वर गेली की प्लेटखालचे दाते वर येतात आणि कापड एका टाक्याएवढे मागे ढकलतात. सदऱ्याला ही व्यवस्था उत्तम आहे. गोधडीत मात्र दाते फक्त खालच्या थराला पकडतात आणि वरचा थर दाबणाऱ्या फुटाला अडून मागे राहतो. हात-दीड हाताची टीप मारून झाली की शेवटी वरच्या कापडाची चुणी उभी राहते. वॉकिंग फूट हे त्यावरचे उत्तर. त्याला स्वतःचे दाते असतात, त्यामुळे वरचा आणि खालचा थर बरोबरीने सरकतात. सरळ रेषा, चौकटी, कडेने जाणाऱ्या समांतर टिपा यांसाठी हा मार्ग.

दुसरीत कापड शिवणारा हलवतो. दाते खाली उतरवायचे, ती सोय नसेल तर त्यांच्यावर पातळ पट्टी बसवायची, भरतकामाचे फूट लावायचे आणि दोन्ही हातांनी कापड हवे तसे फिरवायचे. वेल, भोवरे, पाने, अक्षरे, सगळे यात जमते. परदेशी पुस्तकांत हे तंत्र फार आधुनिक म्हणून येते, पण आपल्या बाजारपेठांत रफू करणारे आणि रिंगेत कापड ताणून मशीनचे भरतकाम करणारे कारागीर हेच पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत. टाक्याची लांबी यात यंत्र ठरवत नाही. पायाचा वेग आणि हाताचा वेग यांच्या मेळातून ती ठरते. पाय जोरात आणि हात सावकाश असेल तर टाके दाटतात, उलट झाले तर लांबतात. नवशिक्यांनी वेग वाढवण्याआधी हा मेळ साधावा.

तिसरीत कापड चौकटीवर ताणलेले असते आणि यंत्रच त्यावरून फिरते. ही लाँगआर्म यंत्रे महाग आणि जागा अडवणारी आहेत. पण गंमत अशी की त्यांत कापड स्थिर आणि सुई फिरती ही हातशिवणीची जुनी व्यवस्था परत आली. घरच्या यंत्रावर सुई आणि खांब यांमधली जागा वीतभरच असते. तिच्यातून डबल बेडची गोधडी गुंडाळून सरकवणे म्हणजे अंगमेहनत. म्हणूनच एकेक चौकोन आधी थरांसकट शिवून घ्यायचा आणि मग सगळे जोडायचे, ही पद्धत लहान यंत्रवाल्यांत लोकप्रिय झाली. आपल्या घरांसाठी ती सर्वांत व्यवहार्य आहे.

कोणतीही वाट धरली तरी परीक्षा नमुन्याच्या तुकड्यावर. ज्या कापडाची गोधडी करायची त्याच कापडाचा, त्याच थरांचा वीतभर तुकडा घ्या, त्यावर चार ओळी मारा आणि उलटून पाहा. पक्क्या टिपेत वरचा आणि खालचा दोरा थरांच्या पोटात एकमेकांत अडकतात. वरच्या बाजूला खालच्या दोऱ्याचे ठिपके दिसत असतील तर वरचा ताण जास्त आहे. अस्तराकडे वरच्या दोऱ्याचे झुपके लोंबत असतील तर वरचा ताण कमी आहे, किंवा दोरा ताणाच्या चकत्यांमध्ये बसलेलाच नाही. बॉबिन केसच्या स्क्रूला हात लावण्याआधी दोरा पुन्हा ओवून पाहणे शहाणपणाचे. भरणी जाड असेल तर दोन दोऱ्यांची ही गाठ सहज दडते. दोनच पातळ थर असतील तर तिला लपायला जागा नसते, आणि वर-खाली एकाच रंगाचा दोरा वापरणे इष्ट ठरते.

आता कापडाकडे वळू. वर्षानुवर्षे धुतलेले सुती लुगडे हाताच्या सुईला अनुकूल असते, पण त्याचे धागे झिजलेले असतात. टाका दीड मिलिमीटरचा ठेवला तर इंचात सतरा भोके पडतात आणि जुने कापड टिपेच्या रेषेवरच फाटू लागते. टाका तीन मिलिमीटरचा केला की ती संख्या आठावर येते. पॉलिएस्टरची साडी टिकाऊ, पण निसरडी आणि घाम न शोषणारी, म्हणून ती वर घेऊन खाली सुती अस्तर द्यावे आणि थर आधी दाट टाचावेत. टी-शर्टचे कापड ताणते, म्हणून त्यामागे इस्त्रीने चिकटणारे इंटरफेसिंग लावून गोल टोकाची सुई वापरतात. जीनसाठी १०० क्रमांकाची, म्हणजे एक मिलिमीटर जाडीची सुई हवी. आपल्याकडे दुकानात तीच १६ नंबर म्हणून मागतात. पैठणीच्या काठातली जर सुई लवकर बोथट करते आणि गरम इस्त्री तिला सोसत नाही. मांजरपाट अस्तराला उत्तम, मात्र आधी धुऊन आटवलेला.

साहित्य बदलले की रचनाही बदलते, याचे उत्कृष्ट उदाहरण अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात आहे. तिथल्या फ्रीडम क्विल्टिंग बी या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या सहकारी संस्थेला १९७२ साली सीअर्स कंपनीकडून कॉर्डरॉयच्या उशीअभ्र्यांचे काम मिळाले. उरलेले तुकडे जीज बेंड परिसरातल्या घरांत पोचले. कॉर्डरॉय जाड, कडेला सुटणारे, बारीक तुकड्यांच्या नक्षीला न जुमानणारे कापड. परिणामी मोठे चौकोन, रुंद पट्टे आणि सोनेरी, नारिंगी, लाल, हिरवे ठसठशीत रंग असलेल्या गोधड्या घडल्या. २००२ साली ह्यूस्टनच्या ललितकला संग्रहालयातून सुरू झालेल्या प्रदर्शनाने जीज बेंडच्या गोधड्या जगापुढे नेल्या. कापडाच्या हट्टातून शैली निर्माण होते, हा त्यातला धडा.

भरणीचा प्रश्न इतकाच मोलाचा आहे. पिंजलेला मोकळा कापूस टिपांमध्ये अंतर ठेवले की गोळा होतो. सुयांनी टोचून, जाळीचा आधार देऊन केलेल्या सुती चादरीत आठ-दहा इंचांवर टीप असली तरी चालते. सुती भरणी धुतल्यावर साधारण ३ ते ५ टक्के आटते आणि गोधडीवर बारीक सुरकुत्या येतात. त्या कुणाला आवडतात, कुणाला नाही. पॉलिएस्टरची भरणी हलकी आणि लवकर वाळणारी, त्यामुळे कोकणातल्या पावसाळ्यात सोयीची. पण तिचे तंतू गडद कापडातून वर डोकावतात. लोकरीची भरणी फुगीर असते आणि टिपेची नक्षी उठावदार करते. आपल्या जुन्या बायकांनी भरणीऐवजी लुगड्यांचे थर घेतले, त्यामागे गरिबी होती तसा हिशेबही होता. असे थर धुवायला सोपे, उन्हात लवकर वाळणारे आणि आत गोळा न होणारे.

शेजारच्या परंपरांकडे पाहिल्याशिवाय हा अभ्यास पुरा होत नाही. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी स्त्रिया आपली कवंदी, म्हणजे ठिगळांची गोधडी, कडेपासून सुरू करून आत आत शिवत नेतात आणि कोपऱ्यांवर दुमडलेल्या कापडाची फुले लावतात. हेन्री ड्रुवाल या कलाइतिहासकारांनी या कामाचा अभ्यास केला आणि हे काम परदेशी प्रदर्शनांत पोचले. बंगालच्या कांथ्यावर, म्हणजे तिथल्या धावदोऱ्याच्या गोधडीवर, कलाइतिहासकार स्टेला क्रामरिश यांनी १९३९ सालीच लेखन केले होते. कवंदीची कडेकडून आत येणारी दिशा यंत्रावर आणली तर चुणी मध्यभागी साठते. मग मधून बाहेर जाणारी दिशा योग्य, असा नियम यंत्रावर का पडला, हे आपोआप उलगडते. अशी तुलना करून पाहणे हा या विषयातला खरा आनंद आहे.

राहिला एक आक्षेप: यंत्राने हातातले माणूसपण जाते. यात तथ्य नाही असे नाही. धावदोऱ्याची लवचीक, किंचित वाकडी रेघ यंत्राच्या टिपेत येत नाही. जाड टिपांच्या दाट जाळीने गोधडी ताठ होते आणि अंगावर बसत नाही. एकत्र बसून शिवण्याचा प्रसंगही टळतो. पण उपाय अभ्यासातूनच निघतो. टिपा विरळ ठेवा, दोरा बारीक घ्या, ठिगळे यंत्रावर जोडा आणि थर हाताने बांधा. हात आणि यंत्र यांची वाटणी काम पाहून करावी, निष्ठा पाहून नव्हे. बचत गटांत विक्रीसाठी गोधड्या करणाऱ्या बायकांना ही वाटणी शिकवली तर त्यांच्या पाठीवरचा भार हलका होईल आणि मालही टिकेल.

या विषयात यायला महागडे यंत्र लागत नाही. सरळ टीप मारणारे जुने काळे पायमशीन, नवी सुई, चांगला दोरा, सेफ्टी पिनांची डबी आणि दोन-तीन प्रकारची चिंधी एवढ्यावर सुरुवात होते. मात्र एक शिस्त पाळा. प्रत्येक नमुन्याच्या तुकड्यावर न पुसणाऱ्या पेनाने कापड, भरणी, सुईचा नंबर, दोरा, टाक्याची लांबी आणि तारीख लिहा, आणि तो तुकडा तीनदा धुऊन पुन्हा पाहा. घरातली जुनी गोधडी भांडीवाल्याला देण्याआधी तिचे थर आणि इंचातले टाके मोजून वहीत उतरवा. अशा वह्या जमल्या तरच मराठीत या विषयाचे खरे पुस्तक लिहिता येईल. ते तुम्ही लिहावे.