तंबोरा कुठे गेला?

परवा दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरून बुटाचं एक जुनं खोकं खाली आलं. आत सात कॅसेट, मार्करने नावं लिहिलेल्या दहा-बारा सीड्या आणि एक रिकामी कॅसेटची डबी. डबीवर वडिलांचं वळणदार अक्षर : ‘गुरुजी, घरी, १९८७’. कॅसेट मात्र आत नव्हती. ती का नव्हती हे मला नीट माहीत होतं, आणि म्हणूनच डबी मी पटकन बाजूला ठेवली.

वडील पंचवटीतल्या एका गुरुजींकडे गाणं शिकायचे. गुरुजी काही नाव झालेले गवई नव्हते. एकदाच ते गंगापूर रोडच्या आमच्या घरी आले, तासभर गायले, आणि वडिलांनी टू-इन-वन समोर ठेवून ते टेप केलं. २००४ साली मी नवाकोरा संगणक घेतला तेव्हा पहिला पराक्रम म्हणून ती कॅसेट ‘डिजिटल’ केली. १२८ केबीपीएसची एमपीथ्री. आणि मग कॅसेटचं काम संपलं असं समजून तिच्यावर कुणाच्या तरी मुंजीतली मंगलाष्टकं भरली! आज गुरुजी नाहीत, वडीलही नाहीत. ती फाइल आहे. तिच्यात गुरुजींचा आवाज ओळखू येतो, पण तंबोरा? नळाखाली बादली भरत असावी तसं काहीतरी मागे गुळगुळत राहतं.

हे असं का झालं, याचा इतिहास मोठा मजेशीर आहे. थोडा मागून सांगतो.

कॉम्पॅक्ट डिस्क १९८२ च्या ऑक्टोबरात जपानमध्ये बाजारात आली. तिचं तत्त्व साधं होतं. आवाजाची लाट सेकंदाला ४४,१०० वेळा मोजायची, आणि प्रत्येक मोजणी ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर बसवायची. ४४,१०० हा विचित्र आकडा कुठून आला? तर त्या काळी डिजिटल आवाज साठवायला व्हिडिओ टेप वापरत. पडद्यावरच्या वापरता येणाऱ्या २४५ ओळी, सेकंदाला ६० वेळा, प्रत्येक ओळीत ३ मोजण्या. गुणाकार करून बघा! माणसाच्या कानाला फार तर २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, आणि एखादी लाट पकडायला तिच्या दुपटीहून जास्त वेळा मोजावं लागतं. तेव्हा हा आकडा कानाला पुरून उरतो.

अडचण एकच. याने जागा फार खाल्ली. एका मिनिटाला जवळजवळ १० एमबी. म्हणून जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग आणि त्यांचे सहकारी वेगळ्याच वाटेने गेले. कानाला जे ऐकूच येत नाही ते साठवायचं कशाला? मोठ्या आवाजाशेजारचा लहान आवाज झाकला जातो. रामकुंडावर घंटा वाजत असताना शेजारचा माणूस काय पुटपुटतो ते कळत नाही, तसंच. असे झाकलेले आवाज ढोबळपणे साठवायचे किंवा सोडूनच द्यायचे. त्यातून १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला एमपीथ्री तयार झाली, आणि १९९५ च्या जुलैत फाइलच्या शेपटीला ‘एमपी३’ हे नाव मिळालं. १२८ केबीपीएसला ती मूळ सीडीच्या अकराव्या भागात मावायची. चाचणीसाठी ब्रांडेनबुर्ग यांनी सुझान वेगा या अमेरिकन गायिकेचं, साथीला एकही वाद्य नसलेलं गाणं वापरलं होतं. सुरुवातीच्या प्रयोगांत नेमका तोच एकटा आवाज बिघडत होता, म्हणून. मला नेहमी वाटतं, त्या प्रयोगशाळेत कुणी मिरजेचा तंबोरा नेऊन ठेवला असता तर?

कारण तंबोरा हे या सगळ्या गणिताला पुरून उरणारं वाद्य आहे. घोडीच्या किंचित बाकदार माथ्यावर तार आणि घोडी यांच्यात दोरा सरकवून जवारी काढतात. त्यामुळे तार घोडीला सतत हलकी घासत राहते आणि एका स्वरातून वरच्या स्वरांची रांगच्या रांग उमलते. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली याच घोडीवर शोधनिबंध लिहिला. एरवी तार जिथे छेडावी तिथे जे उपस्वर निघू नयेत, तेही तंबोऱ्यात जोरात निघतात, हे त्यांनी दाखवलं. म्हणजे तंबोऱ्यात शांत कोपरा असा नाहीच! सगळीकडे काहीतरी बारीक, सतत बदलणारं चालू असतं, आणि गवयाच्या आवाजामागे ‘झाकलेलं’ म्हणून पहिली कात्री तिथेच लागते. तबल्याचं वेगळंच दुखणं. एमपीथ्री आवाजाचे सेकंदाच्या साधारण अडतिसाव्या भागाएवढे तुकडे करते. तुकड्याच्या मध्ये चाटीचा कडक ‘ता’ आला, तर त्यातली चूक बोल येण्याच्या आधीही पसरते. बोल बोथट होतो.

पण हे तेव्हा कुणाला कळत होतं? आठवतंय का? डायलअपवर ५ एमबीचं एक गाणं उतरायला पंधरा-वीस मिनिटं लागायची, मध्येच कुणी फोन उचलला की सगळं मुसळ केरात. एका सीडीवर दीडशे गाणी! दोन छोट्या प्लॅस्टिकच्या स्पीकरांवर ती ऐकताना आपण धन्य व्हायचो. त्या स्पीकरांवर तंबोरा मुळातच ऐकू येत नव्हता, त्यामुळे तो गेला हेही कळलं नाही.

माळा आवरल्यावर भाच्याला घेऊन एक प्रयोग केला. खयालाची एक चांगली सीडी घेतली. तिच्या एकाच तुकड्याच्या चार फाइली केल्या : फ्लॅक, ३२० ची एमपीथ्री, १२८ ची आणि ६४ ची. भाचा पडद्यामागे बसून वाजवणार, आम्ही चौघं चांगले हेडफोन लावून ओळखणार. ६४ ची सगळ्यांनी ओळखली, अगदी ‘मला गाण्यातलं काही कळत नाही’ म्हणणाऱ्या बायकोनेही. १२८ ची मी बहुतेक वेळा ओळखली, पण गायकाच्या आवाजावरून एकदाही नाही. दर वेळी तंबोऱ्यावरून. आणि ३२० व फ्लॅक? चौघंही साफ गारद. मी तर एकदा ३२० ला ‘वा, हीच अस्सल’ म्हणून दाद दिली.

आमचा प्रयोग घरगुती, पण शहाण्यांचे निकालही फार लांब नाहीत. सीडीपेक्षा वरच्या दर्जाचं म्हणून १९९९ मध्ये सुपर ऑडिओ सीडी आली. २००७ मध्ये मेयर आणि मोरान या दोघा अमेरिकनांनी तिचाच आवाज एकदा जसाच्या तसा आणि एकदा सीडीच्या मापातून गाळून लोकांना ऐकवला. ५५४ प्रयत्नांत २७६ उत्तरं बरोबर. नाणं उडवलं असतं तरी हेच! २०१६ मध्ये लंडनच्या जोशुआ रीस यांनी अशा १८ अभ्यासांचं एकत्र गणित मांडलं, तेव्हा बरोबर उत्तरं ५२.३ टक्के निघाली. फरक आहे, पण केसाएवढा.

मग माध्यमाचा दर्जा ही चर्चा फोलच का? तसंही नाही. नाशिकचंच उदाहरण घ्या. विष्णु दिगंबर पलुस्करांनी उत्तरायुष्यात पंचवटीत रामनाम आधार आश्रम काढला. त्यांचे चिरंजीव दत्तात्रेय, म्हणजे आपले बापूराव पलुस्कर, १९२१ साली नाशिकलाच जन्मले आणि १९५५ मध्ये अवघ्या चौतिसाव्या वर्षी गेले. एलपी आपल्याकडे रुळण्याआधीच. त्यांच्या तबकड्या ७८ फेऱ्यांच्या, एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांच्या. त्यांत वरचे स्वर मुळातच कमी, वर सुईची खरखर. कुणालाही वाटेल की अशा आवाजाला १२८ ची फाइल रग्गड झाली. गंमत अशी की होतं उलटंच. खरखर म्हणजे शिस्त नसलेला आवाज, आणि तो साठवायला सगळ्यात जास्त जागा लागते. बिचारी एमपीथ्री आपली निम्मी शिल्लक त्या खरखरीवर उधळते आणि तानेला काटकसर करते. त्यात कुणी आधी खरखर ‘साफ’ केली असेल तर तंबोऱ्याचा उरलासुरला श्वासही तिच्याबरोबर जातो.

आणि हा तोटा साचत जातो. एमपीथ्री फोनसाठी पुन्हा दुसऱ्या रूपात बदलली, तिथून कुणाला पाठवली, त्याने पुन्हा छोटी केली, की दर वेळी नवी कात्री. झेरॉक्सची झेरॉक्स काढावी तसं. आजची गंमत तर वेगळीच आहे. २०२१ पासून ॲपल म्युझिकवर काही न गाळलेला आवाज जादा पैशांशिवाय मिळतो, आणि आपण तो ब्लूटूथच्या हेडफोनवर ऐकतो, जिथे तो बहुधा पुन्हा गाळूनच पोचतो!

पण ऐकण्यातला तोटा हा तोटाच नव्हे, असं आता मला वाटतं. आज वाईट ऐकलं, उद्या चांगलं ऐकू. मूळ जागेवर असलं म्हणजे झालं. खरा घात होतो तो ठेवण्यात. २००१ च्या जुलैतच फ्लॅकची पहिली आवृत्ती आली होती. जागा साधारण निम्मी आणि एकही मोजणी न गमावता. मी कॅसेट भरली तेव्हा तिला तीन वर्षं झाली होती आणि ती फुकट होती. मला ठाऊक नव्हती, एवढंच. गुरुजींचा तास तिच्यात तीनशे-साडेतीनशे एमबीत बसला असता. अर्धी सीडी! तेवढी जागा वाचवायला मी तंबोरा विकला.

भाचा म्हणाला, “मामा, हल्ली सॉफ्टवेअर आवाज सुधारून देतं.” त्याने करूनही दाखवलं. मागे एक छान, स्वच्छ तंबोरा वाजू लागला. पण तो त्या दुपारचा नव्हता. असाच असेल, असा यंत्राचा अंदाज होता. वडिलांनी स्वतः लावलेला तंबोरा दुसऱ्या तासाला किंचित उतरायचा, हे यंत्राला कोण सांगणार?

असो. खोक्यातल्या उरलेल्या सातही कॅसेट या सुट्टीत फ्लॅकमध्ये उतरवल्या, खरखरीसकट. दोन प्रती केल्या, एक भाच्याकडे दिली. कॅसेट परत खोक्यात, ‘पुसू नये’ अशी चिठ्ठी लावून. रिकामी डबीही त्यांच्यातच ठेवली आहे.

तुमच्याही माळ्यावर असं एखादं खोकं असेल. ते खाली काढा. आणि फाइल तयार झाली म्हणून कॅसेट टाकू नका, एवढंच सांगायचं होतं.