वेदनेचे माप : कपाळावरचा झोत आणि परिचारिकेची वही

१९४० च्या सुमारास न्यूयॉर्कमधील कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयात तीन संशोधक स्वतःच्याच कपाळाला काळी शाई फासून घेत आणि त्या काळ्या ठिपक्यावर भिंगातून प्रखर दिव्याचा झोत तीन सेकंद सोडवून घेत. जेम्स हार्डी, हॅरॉल्ड वुल्फ आणि हेलन गुडेल ही त्यांची नावे. शाई अशासाठी, की कातडीचा वर्ण कोणताही असो, उष्णता सारखीच शोषली जावी. झोत वाढवत नेला की एका क्षणी नुसत्या उबेच्या जागी टोचणी सुरू होते. तो वेदनेचा उंबरठा. वेदनाशामक औषध घेतल्यावर हा उंबरठा किती वर सरकतो ते पाहायचे, म्हणजे त्या औषधाचे बळ कळले! उपकरणाला डोलोरिमीटर म्हणत आणि वेदनेच्या एककाला ‘डोल’. तापमापकाने ताप मोजावा तशी वेदना मोजता येईल, हे त्यामागचे स्वप्न होते. पुढे हार्डी यांनी एका सहकाऱ्यासह हे उपकरण प्रसूतिगृहात नेले आणि कळा देणाऱ्या स्त्रियांच्या हातावर झोत सोडून त्यांच्या कळांची तुलना त्या चटक्याशी करायला लावली. हा प्रसंग वाचताना आमच्या मनात विज्ञानाविषयीच्या आदराबरोबर दुसरेही काही उमटले, हे लपवण्यात अर्थ नाही.

स्वप्न मोडले ते हार्वर्डच्या हेन्री बीचर या भूलतज्ज्ञामुळे. दुसऱ्या महायुद्धात ते उत्तर आफ्रिका आणि इटलीच्या आघाडीवर होते. गंभीर जखमी सैनिकांना ते एक साधा प्रश्न विचारीत : दुखते आहे का, आणि त्यावर काही हवे आहे का? १९४६ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या लेखानुसार, २१५ जखमींपैकी सुमारे तीन-चतुर्थांश जणांना औषध मागण्याइतके दुखत नव्हते. हाडे मोडलेली, पोटात गोळ्यांचे तुकडे शिरलेले, तरीही. बीचर यांचा तर्क असा, की सैनिकाला ती जखम म्हणजे रणांगणातून सुटका होती; नागरी रुग्णालयातील रुग्णाला तेवढीच जखम म्हणजे आपत्ती. तर्क पूर्णपणे मान्य करावा की नाही हा निराळा प्रश्न; पण जखमेच्या आकारावरून वेदनेचा आकार ठरत नाही, एवढे त्यातून नक्की झाले. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये परतल्यावर त्यांच्या गटाने प्रायोगिक चटक्याची पद्धत तपासली, तेव्हा मॉर्फिनसारखे औषध दिल्यावरही माणसाचा उंबरठा भरवशाने हलत नाही असे त्यांना आढळले. म्हणजे शस्त्रक्रियेनंतर तळमळणाऱ्याला शांत करणारे औषध कपाळावरच्या चटक्यापुढे निरुत्तर होते. चटका बसणाऱ्याला ठाऊक असते की तीन सेकंदांनी हे संपणार आहे. रुग्णाला ते ठाऊक नसते.

मग मोजायचे कशाने? उत्तर ऐकायला सोपे आणि पचायला अवघड होते : रुग्णालाच विचारायचे. केनेथ कील यांनी १९४८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडलेला वेदनेचा तक्ता याच विचाराचा. काही नाही, थोडी, मध्यम, तीव्र, असह्य. रुग्ण म्हणेल ते वेळेसमोर नोंदवायचे. पण ‘म्हणेल ते’ या दोन शब्दांत केवढी गोम आहे, हे दोन वर्षे आधीच ई. एम. जेलिनेक या संख्याशास्त्रज्ञाने दाखवून ठेवले होते. (हे गृहस्थ पुढे मद्यासक्तीच्या अभ्यासासाठी अधिक प्रसिद्ध झाले.) युद्धकाळात डोकेदुखीच्या एका गोळीतील एक घटक दुर्मीळ झाला, तो वगळला तर गोळीचा गुण राहील का, असा व्यवहारी प्रश्न होता. वारंवार डोके दुखणाऱ्या १९९ जणांना दोन-दोन आठवडे पाळीपाळीने चार गोळ्या दिल्या : एक संपूर्ण, दोन एकेक घटक वगळलेल्या, आणि एक नुसती फसवी. यश अनुक्रमे ८४, ८०, ८० आणि ५२ टक्के. पहिल्या तिन्ही जवळपास सारख्याच, मग घटक वगळायला हरकत काय?

जेलिनेक तेथे थांबले नाहीत. फसव्या गोळीने एकदाही आराम न पडलेले ७९ जण त्यांनी वेगळे काढले. त्यांच्यात आकडे झाले ८८, ६७ आणि ७७. फरक होताच; फसव्या गोळीनेही बरे वाटणाऱ्या उरलेल्या १२० जणांच्या गर्दीत तो बुडून गेला होता. यावरून लोकांची ‘फसणारे’ आणि ‘न फसणारे’ अशी विभागणी करण्याचा मोह होतो, आणि तो अनेकांना झाला. १९५४ मध्ये बीचर यांच्याच गटातील लुई लसान्या आणि सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांचे निरीक्षण केले, तेव्हा बहुतेक माणसे त्याच फसव्या इंजेक्शनाला कधी प्रतिसाद देत, कधी देत नसत. भोळी माणसे आणि चिकित्सक माणसे अशा दोन जाती निघाल्या नाहीत.

बीचर यांचा १९५५ चा ‘प्रभावी प्लासिबो’ या आशयाचा निबंध अतिशय गाजला. १५ अभ्यास, १,०८२ रुग्ण, आणि सरासरी ३५.२ टक्के जणांना फसव्या औषधाने समाधानकारक आराम. ‘एकतृतीयांश’ हा आकडा त्यानंतर म्हणीसारखा फिरला. वास्तविक त्यातील बराचसा आराम आपोआप ओसरणाऱ्या दुखण्याचा होता. काहीच न दिलेल्या रुग्णांशी तुलनाच नव्हती. हे १९९७ मध्ये कीनले आणि कीने यांनी सविस्तर दाखवले. २००१ मध्ये दोन डॅनिश संशोधकांनी फसवे औषध विरुद्ध काहीच नाही अशी तुलना असलेल्या ११४ चाचण्या एकत्र केल्या. प्लासिबोचा दबदबा बराच ओसरला, पण वेदनेच्या बाबतीत थोडासा परिणाम उरलाच. तो सर्वस्वी काल्पनिक म्हणून झटकून टाकावा, तर १९७८ मध्ये लेव्हिन, गॉर्डन आणि फील्ड्स यांनी अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांत दाखवले होते की, मॉर्फिनचा परिणाम पुसणारे नॅलॉक्सोन दिले की प्लासिबोचा आरामही मावळतो. शरीर स्वतःचेच अफूसारखे द्रव्य सोडत असावे, हा त्यांचा निष्कर्ष.

या साऱ्यात आम्हांला सर्वांत जवळची वाटते ती न्यूयॉर्कच्याच मेमोरियल स्लोन-केटरिंग या कर्करोग रुग्णालयातील खोली. १९५० च्या दशकात रेमंड हाउड, संख्येची बाजू पाहणारे स्टॅन्ली वॉलेनस्टाइन आणि परिचारिका एडा रॉजर्स यांनी तेथे जी पद्धत घडवली, तिच्यावर आजही वेदनाशामकांच्या चाचण्या उभ्या आहेत. व्यसन न लावणारे मॉर्फिन शोधणे हा तेव्हाचा ध्यास होता आणि प्रत्येक नवे औषध मॉर्फिनशी ताडायचे होते. कर्करोगाची वेदना दिवसेंदिवस टिकते, हीच दुर्दैवाची गोष्ट पद्धतीच्या उपयोगी पडली : एकाच रुग्णाला आज एक औषध, उद्या दुसरे देऊन त्याची तुलना त्याच्याशीच करता येई. औषध कोणते हे रुग्णाला ठाऊक नाही, विचारणाऱ्यालाही नाही. तासातासाने परिचारिका खाटेपाशी येई आणि त्याच शब्दांत तोच प्रश्न विचारी. दुखणे नाही, थोडे, मध्यम की तीव्र? आराम किती? वहीत आकडा पडे.

डोलोरिमीटर गेला आणि त्याच्या जागी एका स्त्रीचा कान आला, असे म्हटले तर अतिशयोक्ती होईल, पण फार नाही. आवाज चढला, आज घाईत विचारले, उत्तर सुचवले गेले, तर माप बिघडणार. विज्ञानाच्या इतिहासात उपकरणांना नावे मिळतात; हे उपकरण मात्र गणवेशात होते आणि निबंधांच्या मथळ्याखाली त्याला नेहमीच पहिली जागा मिळाली नाही.

वहीतल्या आकड्यांचे पुढे काय करायचे? तीव्र म्हणजे ३, मध्यम २, थोडे १. सुरुवातीच्या आकड्यातून प्रत्येक तासाचा आकडा वजा करायचा आणि ते फरक वेळेनुसार मिळवायचे. एखाद्याचे ३ वरून चार तासांत २, १, १, २ झाले तर फरक १, २, २, १; बेरीज ६. दुसऱ्याचे पहिले दोन तास ०, मग पुन्हा ३, ३. फरक ३, ३, ०, ०. बेरीज पुन्हा ६. कागदावर दोघे सारखे. एकाने चार तास कसेबसे काढले, दुसऱ्याला दोन तास स्वर्ग आणि दोन तास नरक. बेरजेला हे दिसत नाही.

शिवाय नीतीचा प्रश्न. दुखणाऱ्या माणसाला जाणूनबुजून पोकळ गोळी द्यायची, हे कोणत्या न्यायाने? ज्या बीचर यांनी प्लासिबोचा आग्रह धरला, त्यांनीच १९६६ मध्ये मानवी प्रयोगांतील अनैतिकतेची २२ उदाहरणे प्रसिद्ध करून आपल्या व्यवसायबंधूंचा रोष ओढवून घेतला. वेदनेच्या चाचण्यांत त्यावर तोड निघाली : असह्य झाले तर रुग्णाने मागावे आणि खरे औषध मिळावे. मग किती वेळाने मागितले, हेच एक माप बनले. पण त्यानंतरच्या तासांसाठी काय आकडा धरायचा? औषधाच्या त्रासाने चाचणी सोडून गेलेल्याचा शेवटचा चांगला आकडाच पुढे ओढत नेला, तर औषध आहे त्याहून गुणकारी दिसते. अशा हिशेबी खोलीत किती गुण जन्माला आले असतील कोण जाणे.

१९७० च्या दशकात अक्कलदाढेची शस्त्रक्रिया ही चाचण्यांची आवडती भूमी झाली. तरुण, निरोगी माणसे, ठरलेल्या वेळी येणारी ठरलेली कळ. त्यांच्या हाती पुढे दोन स्टॉपवॉच देण्याची रीत पडली : काहीतरी हलके वाटले की पहिले थांबवायचे, खरोखर बरे वाटले की दुसरे. ‘काहीतरी’ आणि ‘खरोखर’ यांतले अंतर मिनिटांत मोजण्याची ही कल्पना आम्हांला फार आवडली.

भाषेचे विद्यार्थी म्हणून आम्ही मॉन्ट्रिअलच्या रॉनल्ड मेल्झॅक यांच्यापाशी रेंगाळणारच. वेदना म्हणजे केवळ कमी-जास्त नव्हे, तिला जात असते, असे त्यांचे म्हणणे. रुग्ण वापरतात ती विशेषणे गोळा करून त्यांनी १९७५ मध्ये ७८ शब्दांची, २० गटांची प्रश्नावली सिद्ध केली. तिचे मराठी करायला बसावे, म्हणजे आपल्या भाषेची श्रीमंती आणि अडचण दोन्ही कळतात. गळवाला ठणका असतो, दाताला कळ, कमरेत उसण, स्नायूत चमक. जखम चरचरते, डोळे चुरचुरतात, नखुरडे ठसठसते, पाय ओढतात. यांतला ठणका मोठा की कळ मोठी, हे क्रमाने लावता येईल का? आणि मूळ क्रियापदच पाहा : ‘दुखणे’ म्हणजे वेदना होणे, आणि ‘दुखणे’ म्हणजे आजारही. आमच्या घरातील एका वृद्धेला गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर परिचारिकेने विचारले, “आजी, शून्य ते दहात किती दुखतंय?” त्या म्हणाल्या, “बाई, रात्रीसारखं नाही.” परिचारिकेने क्षणभर विचार करून पाच लिहिले. चुकले असे म्हणता येणार नाही.

अलीकडचा टप्पा ऑक्सफर्डचा. अँड्र्यू मूर आणि हेन्री मॅकक्वे यांनी सरासरीवर अविश्वास दाखवला. एका औषधाने काहींना भरपूर आराम पडतो आणि काहींना जवळजवळ नाही. मधला सरासरी रुग्ण क्वचितच भेटतो. म्हणून त्यांनी विचारले, किमान निम्मा आराम किती जणांना? आणि फसव्या गोळीपेक्षा एक जण जास्त सुखावण्यासाठी किती जणांना औषध द्यावे लागते? शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेत ४०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेनसाठी हे उत्तर २.५, १ ग्रॅम पॅरासिटामॉलसाठी ३.६ आणि ६० मिलिग्रॅम कोडीनसाठी १२. आकडा जितका लहान तितके औषध बरे. ज्याच्यावर कायद्याचा पहारा, ते अफूचे अपत्य कोपऱ्यावरच्या दुकानातील गोळीच्या कितीतरी मागे पडले.

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत सुझेट्रिजिन या अफूशी नाते नसलेल्या नव्या वेदनाशामकाला मान्यता मिळाली. पायाच्या अंगठ्याची आणि पोटाची शस्त्रक्रिया झालेल्यांवर त्याच्या चाचण्या झाल्या. माप तेच, आधीच्या आकड्यातून नंतरचा वजा करून केलेली बेरीज, फक्त आता ४८ तासांची. फसव्या गोळीवर त्याने मात केली. हायड्रोकोडोन आणि पॅरासिटामॉल यांच्या जुन्या मिश्रणावर केली नाही. आणि आकडा अजूनही रुग्णाच्याच तोंडून घ्यावा लागला.