लाकूड, लोखंड आणि संकर : गोल्फच्या काठ्यांची नावे व निवड

गोल्फच्या खेळाडूने पिशवीत चौदाहून अधिक काठ्या बाळगू नयेत, असा निर्बंध अमेरिकेतील नियामक संस्थेने १९३८ साली आणि सेंट अँड्र्यूज येथील रॉयल अँड एन्शंट क्लबने १९३९ साली घातला. तेव्हापासून एक काठी घेणे म्हणजे दुसरी सोडणे, असे होऊन बसले. दूरच्या फटक्यासाठी लांब दांड्याची, अरुंद पात्याची 'लाँग आयर्न' ठेवावी की तिच्या जागी 'हायब्रीड' घ्यावी, हा गेल्या दोन-अडीच दशकांतील वाद याच कोंडीतून उद्भवलेला आहे. वरवर पाहता हा वाद यंत्रशास्त्राचा आहे. परंतु त्यातील बराचसा आवेश काठ्यांच्या गुणांमुळे नसून त्यांच्या नावांमुळे आलेला आहे, असे या नावांचा इतिहास पाहिल्यास आढळून येते.

मूळच्या स्कॉटिश खेळात काठ्यांना क्रमांक नव्हते, नावे होती. खोलगट तोंडाची ती 'स्पून', तळाला पितळी पत्रा मारलेली ती 'ब्रॅसी'. लोखंडी काठ्यांतील 'क्लीक' या शब्दाचा स्कॉट भाषेतील अर्थ आकडा, म्हणजे अडकवावयाचा हूक. (मराठीत 'आकडा' हाच शब्द अंकालाही लावला जातो, हा केवळ योगायोग, पण पुढे क्लीकचा खरोखरीच आकडा झाला.) मुंबईत १८४२ साली गोल्फची संस्था निघाली तेव्हा चेंडू कातड्याचा व आत पिसे भरलेला असे. लोखंडाच्या घावाने तो फाटत असल्याने लोखंडी काठ्यांचा उपयोग अडचणीच्या जागांपुरता मर्यादित होता. १८४८ च्या सुमारास मलायातील झाडांच्या चिकापासून बनविलेला गटापर्चाचा टणक चेंडू प्रचारात आला आणि लोखंडाची ही अडचण दूर झाली. पोलादी दांड्यास अमेरिकेत १९२४ साली व सेंट अँड्र्यूज येथे १९२९ साली मान्यता मिळाली. एकसारखे संच कारखान्यात तयार होऊ लागताच जुनी नावे मागे पडून दोन, तीन, चार असे क्रमांक रूढ झाले. आपल्या विटीदांडूत याच्या उलट घडलेले दिसते. तेथील 'वकट, लेंड, मुंड, नाल' हे मुळात द्राविडी संख्यावाचक शब्द. मराठी मुलांच्या तोंडी त्यांतील संख्या लोपली आणि फटक्यांची नावे तेवढी उरली.

क्रमांक आले तरी एक जुना भेद मात्र टिकला. तो म्हणजे 'वुड' आणि 'आयर्न'. वस्तूतील द्रव्य नाहीसे झाल्यावरही नावात ते कसे राहते, याचे उदाहरण वसईच्या इतिहासाजवळच सापडते. वसईवर १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांचा अंमल होता. वसई, चौल, गोवे या मार्गांनी मराठीत जे पोर्तुगीज शब्द शिरले त्यांत 'तुरुंग' हा एक होय. मूळ शब्द 'त्रोंकु', म्हणजे झाडाचे खोड. त्यावरून कैद्याचे पाय अडकविण्याचा लाकडी खोडा, आणि त्यावरून बंदिशाळा. आजच्या दगडी व सिमेंटच्या तुरुंगात ते खोड कोणास दिसत नाही. गोल्फच्या 'वुड'चीही तीच गत झाली. १९७९ साली टेलरमेड कंपनीने धातूच्या डोक्याचे 'वुड' बाजारात आणले, आणि पुढच्या दोन दशकांत पर्सिमनच्या लाकडाची डोकी जवळजवळ हद्दपार झाली. नाव तसेच राहिले.

'हायब्रीड' या दोहोंमधील आहे. तिचे डोके वुडसारखे फुगीर, परंतु लहान. दांडा आयर्नपेक्षा किंचितच लांब. वस्तुमान खाली आणि तोंडापासून मागे ठेवल्याने, तोंडाचा कल तेवढाच असला तरी, चेंडू अधिक उंच जातो, उभा उतरतो आणि हिरवळीवर लवकर थांबतो. फटका मध्यावर न बसल्यासही नुकसान कमी होते. पावसाळ्यातील दाट, ओल्या गवतात आयर्नच्या मानेभोवती पाती गुंडाळली जाऊन तोंड फिरते. हायब्रीडचा रुंद तळ त्यातून सरकत जातो. लाँग आयर्नचे बळ वेगळे आहे. तिचा चेंडू सखल जातो, समोरच्या वाऱ्याला कमी दबतो आणि कुशल हाताला तो हवा तसा वळविता येतो. मात्र त्यास झोक्याचा वेग लागतो. उलट, वेगवान झोक्याच्या काही उजव्या खेळाडूंचा चेंडू हायब्रीडने नको तितका डावीकडे वळतो. यावरून सामान्य वेगाच्या खेळाडूने काय निवडावे, हे उघड आहे.

तरीही तो कचरतो. बेन होगन याने मोटारीच्या भीषण अपघातानंतर सोळा महिन्यांनी, १९५० साली, मेरियनच्या मैदानावर शेवटच्या होलवर मारलेल्या लाँग आयर्नचे छायाचित्र या खेळात जवळजवळ पूज्य मानले जाते. त्या काठीला शौर्याचा वास आहे. 'हायब्रीड'ला तो नाही. लॅटिनमध्ये या शब्दाचा जुना अर्थ पाळीव डुकरीण व रानडुक्कर यांची संतती असा होता. महाराष्ट्रात हा शब्द खेडोपाडी पोचला तो १९६४ साली प्रसृत झालेल्या 'सीएसएच-१' सारख्या संकरित ज्वारीबरोबर. पीक भरघोस आले, पण भाकरीची चव लोकांना रुचली नाही. आणि 'हायब्रीड' म्हणजे भरपूर परंतु बेचव, बिनकसाचे, असा अर्थ मराठीत रुळला. त्याविरुद्ध 'गावरान' उभे राहिले. ज्वारीच्या बाबतीत त्या तक्रारीला जिभेचा आधार तरी होता. गोल्फमध्ये तसा आधार शोधणे कठीण आहे. २००९ च्या पीजीए स्पर्धेत दक्षिण कोरियाच्या यांग योंग-उन याने शेवटच्या होलवर दोनशेहून अधिक यार्डांवरून हायब्रीडने चेंडू ध्वजाजवळ आणून टायगर वुड्सवर विजय मिळविला, तेव्हा त्याचे कौशल्य उणे होते असे कोणी म्हणणार नाही. कौशल्य बुडाल्याची ओरड पोलादी दांड्याच्या वेळीही झाली होती.

अलीकडे उत्पादकांनी यातून निराळी वाट काढली आहे. बाहेरून सडपातळ पात्यासारखी, आतून मात्र पोकळ आणि वस्तुमान खाली नेलेली काठी ते विकतात. गुणांनी ती हायब्रीडची जवळची नातलग आहे. तिचे नाव 'युटिलिटी आयर्न' असे ठेवलेले आहे, आणि हायब्रीडला हात न लावणारे कित्येक खेळाडू ती खुशाल पिशवीत बाळगतात.