पुशिन्का: व्हाइट हाउसमधलं गावठी पिल्लू

घरात मावेल असं छोटं कुत्रं हवं असलं, की आपला पहिला प्रश्न असतो, ‘कुठल्या जातीचं?’ मला तेव्हा पुशिन्का आठवते.

सोव्हिएत शास्त्रज्ञांनी अंतराळासाठी मॉस्कोच्या रस्त्यांवरची मिश्र जातीची कुत्री मुद्दाम निवडली. थंडी-उपासमारीतून तगलेली, लहान चणीची, कॅमेऱ्यात उठून दिसावीत म्हणून फिकट रंगाची. त्यांतली स्त्रेल्का ऑगस्ट १९६०मध्ये बेल्कासोबत पृथ्वीभोवती फिरून जिवंत परतली. (लायकाला परत आणायची सोयच केलेली नव्हती.)

स्त्रेल्काची पोर पुशिन्का. १९६१मध्ये ख्रुश्चेव्हने ती केनेडी कुटुंबाला भेट पाठवली. आधी तिच्या अंगात मायक्रोफोन तर लपवलेला नाही ना, हे तपासलं गेलं! मग व्हाइट हाउसमधल्या कुत्र्यांची देखभाल करणाऱ्या ब्रायंटने शेंगदाणे दाखवत दाखवत तिला मुलांच्या घसरगुंडीची शिडी चढायला शिकवलं. शीतयुद्धातल्या शिखर परिषदांपेक्षा मला हे शेंगदाणे जास्त महत्त्वाचे वाटतात. हेर समजून तपासलेल्या जिवाशी कुणीतरी रोज, धीराने, दोस्ती केली होती.

चार्ली या वेल्श टेरिअरपासून तिला चार पिल्लं झाली. केनेडी त्यांना ‘पपनिक’ म्हणत. नोव्हेंबर १९६३मध्ये केनेडींची हत्या झाली. पुशिन्का व्हाइट हाउसच्या एका माळ्याकडे राहायला गेली.