नाथांच्या वाटेवरचा रांजण

आजीचा रांजण घरात नव्हता, घरापुढे होता. पैठणहून पंढरपूरला जाणारी संत एकनाथांची, म्हणजे नाथांची पालखी पाटोदा तालुक्यातून जाते आणि तिची वाट आमच्या वस्तीच्या कडेनं निघते. त्या वाटेकडे तोंड करून, लिंबाच्या बुडाशी, अर्धा मातीत पुरलेला तो रांजण. वर फळकुटाचं झाकण, झाकणावर पितळी तांब्या. पणजोबांनी रांजणाच्या पोटावर गेरूनं एक क्रूस काढला होता आणि दर नाताळाला तो पुन्हा गिरवला जायचा. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं मुलांना इतिहास शिकवला. आमच्या भागात ख्रिस्ती लोक कुठून आले, असं कोणी विचारलं तर सालं मी तोंडपाठ सांगेन. पण ते इथं राहिले कशाच्या बळावर, हे सांगताना मला रांजणाशीच येऊन थांबावं लागतं.

सप्टेंबर १९४८ पर्यंत बीड जिल्हा निजामाच्या राज्यात होता. शेजारचा जामखेड मात्र इंग्रजांच्या नगर जिल्ह्यातला, चहूबाजूंनी निजामी मुलखात अडकलेला. नगरला अमेरिकन मराठी मिशननं १८३१ मध्ये ठाण मांडलं, शाळा काढल्या. आमचे पणजोबा अक्षर शिकले ते हद्द ओलांडून, जामखेडकडच्या एका मिशनच्या शाळेत. आजोबांचं घराणं असं पश्चिमेच्या वाटेनं ख्रिस्ती झालं. आजीचं माहेर मात्र गोदावरीपलीकडचं, जालन्याजवळच्या बेथेलचं. नारायण शेषाद्री हे ब्राह्मण घरातले, १८४३ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले. पुढं त्यांनी जालन्याला काम सुरू केलं, दिवाण पहिल्या सालारजंगांच्या काळात निजाम सरकारकडून जमीन मिळवली आणि तिथं नव्यानं ख्रिस्ती झालेल्या महार-मांगांचं एक गाव वसवलं. ते बेथेल. आमची माणसं थोडी, म्हणून सोयरिकी लांबलांबच्या. आजी बैलगाडीनं नदी ओलांडून सासरी आली तेव्हा तेरा-चौदा वर्षांची होती.

ती सांगायची, ‘‘बेथेलात आमची हीर होती बाई. सोता दोर सोडायचा, सोता वढायचा. इथं आले अन् दुसऱ्याच दिशी सासूनं शिकवलं, हिरीपसून कितीक हात लांब उभं ऱ्हायचं ते.’’

हे लांब उभं राहणं मी नीट सांगते, कारण आताच्या मुलांना ते खरं वाटत नाही. गावच्या विहिरीवर आमच्या बायका कठड्याला हात लावू शकत नव्हत्या. घागर जमिनीवर ठेवायची, मागं सरायचं आणि पाणी शेंदणाऱ्या बाईनं वरून धार सोडायची वाट बघायची. कुणी लगेच वाढायचं, कुणी आपलं सगळं धुणं उरकेपर्यंत बघायचंही नाही. बाप्तिस्म्यानं नाव बदललं, सण बदलला, विहिरीपासूनचं अंतर तेवढंच राहिलं. आजीला वाचता येत नव्हतं. पाळक महिन्यातून एकदा सायकलवर यायचे, तेव्हा ती शमरोनी बाईचीच गोष्ट वाचायला लावायची. भर दुपारी एकटी विहिरीवर आलेली बाई आणि तिच्याकडं पाणी मागणारा येशू. त्यात काय विशेष ते आम्हा पोरांना कळत नव्हतं. आज कळतं. परक्या जातीचा पुरुष तिच्या भांड्यातलं पाणी मागतो, एवढी एकच ओळ आजीला पुरेशी होती.

आमची ही थोडी, विखुरलेली माणसं भजनानं बांधली गेली होती, हेही सांगायला हवं. नगरला कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं, पुढं रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंगाची गोडी लावली. टिळकांनी आयुष्याच्या अखेरीस, १९१७ मध्ये, मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. दोन वर्षांत ते वारले आणि दरबार फार काळ टिकला नाही. पण त्यांची पदं टाळ-मृदंगासकट आमच्या वस्तीपर्यंत पोचली होती. आजोबा रात्री टाळ घेऊन बसले की शेजारच्या आळीतला एक माळकरी म्हातारा हातभर अंतर ठेवून का होईना, येऊन बसायचा. चाल त्याच्या ओळखीची होती.

रांजण कोणी सुरू केला, हे घरात कुणालाच नक्की सांगता येत नव्हतं. भरायची मात्र आजी. आणि वर्षानुवर्षं आषाढात दिंडी त्याच्यापुढून कोरडीच जायची. वारकरी क्रूस बघायचे, वस्ती कुणाची ते ओळखायचे आणि पुढच्या विहिरीपर्यंत तहान लांबवायचे. आजी तरी पहाटे उठून दोन मैलांवरच्या ओढ्यातल्या झिऱ्यावरून घागरी आणायची. मी एकदा रागानं विचारलं, ‘‘कोणी पेत नाही तर भरायलीस कामून?’’ ती म्हणाली, ‘‘एखाद्याचा जीव जायला लागला अन् रांजण रिता निघाला, मग गं?’’

मी पाचवीत होते त्या आषाढात एक म्हातारी वारकरीण दिंडीतून बाजूला झाली. पाय सुजलेले, डोक्यावर तुळस. तिनं क्रूस बघितला, आजीकडं बघितलं. ‘‘तुम्ही कोणाचे?’’ आजीनं लपवलं नाही. ‘‘किरिस्ताव. पहिल्याचे महार.’’ म्हातारीबरोबरची सून म्हणाली, ‘‘आत्याबाई, चला, पुढं मिळतंय पाणी.’’ म्हातारीनं तुळस आजीच्या हातात दिली आणि तांब्या उचलला. घटाघटा प्याली. मग तिथंच लिंबाखाली बसून सुनेला ऐकू जाईल अशा आवाजात तिनं नाथांची गोष्ट लावली: काशीहून रामेश्वराला निघालेली कावड नाथांनी वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात कशी ओतली, गोदेच्या तापल्या वाळूत रडणारं महाराचं पोर कडेवर कसं घेतलं. सून प्याली नाही. दिंडीतलं दुसरंही कोणी प्यालं नाही. पण पैठणला नाथांच्या वाड्यात रांजण आहे, देव श्रीखंड्या होऊन बारा वर्षं त्यात पाणी भरत होता आणि नाथषष्ठीच्या आधी लोक तो अजून भरतात, हे आजीला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. ती रात्रभर त्याच गोष्टीत होती. देव पाणी भरतो, याचं तिला जरासुद्धा नवल वाटलं नाही. तिचा देव शिष्यांचे पाय धुणारा होता.

तोवर १९७२ चा दुष्काळ येऊन गेला होता. मिलोच्या भाकरी, सुकडी, खडी फोडायला गेलेले आईबाप. रांजणात तळाला चार तांबे असायचे आणि ते आम्हा पोरांना प्यायची मनाई होती, ते वाटसरूचं. मी चोरून प्याले होते, आणि आजीला ते माहीत होतं.

त्याच काळात जामखेडला दोन डॉक्टर आले होते: रजनीकांत आणि मेबल आरोळे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले. खेड्यातल्या गरिबांसाठीच राबायचं असं लग्नातच ठरवलेले. वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात काम करून, अमेरिकेत सार्वजनिक आरोग्य शिकून ते १९७० मध्ये जामखेडला उतरले. दवाखाना त्यांना पुरेसा वाटला नाही. गावागावांतल्या बायका, त्यातही दलित, निरक्षर, टाकलेल्या, त्यांनी आरोग्यसेविका म्हणून शिकवून तयार केल्या. त्यांच्या गावांत १९७१ मध्ये हजारी १७६ तान्ही मुलं दगावत होती. पाच वर्षांत तो आकडा ५२ वर आला. जगानं याची दखल घेतली, १९७९ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आमच्या घरात मात्र आरोळे डॉक्टरांचं नाव निघायचं ते हापशामुळं. दुष्काळात बोअर घेताना त्यांनी जागा दलित वस्तीत धरायला लावल्या. आजोबांची बहीण त्या तालुक्यात दिलेली. ती माहेरी आली की सांगायची, गावातल्या बायका आता घागरी घेऊन आमच्या दारात उभ्या राहतात. सांगताना तिला रडू यायचं.

हापशाचाही एक इतिहास आहे आणि तो मला फार मोलाचा वाटतो. ओतीव लोखंडाचे जुने हापसे गावाच्या वापरानं लगेच मोडायचे. जालन्याला स्कॉटिश मिशनचे लोक बोअर घेत होते. त्यांनी पोलादाचा, टिकाऊ हापसा घडवला, त्याला जालना पंप म्हणत. सोलापूरच्या मिशनच्या लोकांनी त्यात सुधारणा केल्या. त्या सोलापूर पंपावरून सत्तरीच्या दशकात युनिसेफच्या साथीनं ‘इंडिया मार्क टू’ तयार झाला आणि देशभर, मग आफ्रिकेतही गेला. ज्या जालन्याच्या आसऱ्यानं आजीच्या आजोबांना पहिल्यांदा स्वतःची विहीर मिळाली, तिथल्याच कार्यशाळेतून हे निघालं. आमच्या शाळेपुढं मार्क टू बसला तेव्हा आजीनं दांडा धरून पहिली घागर स्वतः भरली आणि सरळ नेऊन रांजणात ओतली.

एक गोष्ट राहिली. आजी-आजोबा ऊसतोडीला जायचे. दसरा झाला की मुकादमाची उचल घेतलेली घरं ट्रकमध्ये चढायची आणि परत यायची ती उन्हाळ्यात. म्हणजे आमचा नाताळ कधी घरी झालाच नाही. तो प्रवरेकाठच्या फडात, पाचटाच्या कोपीपुढं व्हायचा. काड्यांना पतंगी कागद लावून केलेला तारा, गूळ-शेंगदाणे, आणि टोळीतले वंजारी, मराठा, बौद्ध असे सगळे भजनाला. मग नाताळाला रांजणावरचा क्रूस गिरवायचं कोण?

आजोबांच्या धाकट्या भावानं १९५६ नंतर धम्म घेतला होता. एकाच भिंतीच्या अलीकडं येशू, पलीकडं बुद्ध आणि बाबासाहेब. त्या घरातली माझी चुलत आजी गुडघ्यांमुळं तोडीला जाऊ शकत नव्हती. सहा महिने रांजण ती भरायची, डिसेंबरच्या शेवटी गेरू कालवून क्रूसही तीच गिरवायची. तिचा आडवा हात नेहमी एका बाजूला लांब व्हायचा. आजी वैशाखात परतली की डोक्यावरचं बोचकं उतरवायच्या आधी रांजणापाशी जायची, तांब्याभर पाणी प्यायची, मग ओल्या बोटानं तो लांबलेला हात पुसून सारखा करायला बघायची. पुसला जायचा नाही. जावेनं गेरूत डिंक घातलेला असायचा.