टाळी आवरण्याची कुळकथा

सिम्फनीचा पहिला भाग दणक्यात संपतो, हात आपसूक वर येतात आणि शेजारचे गृहस्थ डोळे वटारतात. सगळे भाग संपेपर्यंत टाळी वाजवायची नाही, हा नियम असा पाळला जातो की तो सनातन वाटावा. खरं तर तो रुळला विसाव्या शतकात.

मोझार्टच्या गावी असलं काही नव्हतं. १७७८ मध्ये पॅरिसला त्याच्या सिम्फनीचा पहिला भाग चालू असतानाच श्रोत्यांनी टाळ्या दिल्या. ती जागा दाद घेणार हे हेरून त्याने ती शेवटाकडे पुन्हा योजली होती, आणि वडिलांना ते पत्राने खुशीत कळवलंही. १८१३ मध्ये व्हिएन्नाच्या श्रोत्यांनी बेथोवनच्या सातव्या सिम्फनीतल्या दुसऱ्या भागाला चक्क वन्समोअर घेतला.

टाळीची वाट मेंडेल्सनने अडवली, तीही मोठ्या चतुराईने. १८४५ मध्ये लाइपझिगला प्रथम वाजलेल्या त्याच्या व्हायोलिन कॉन्चेर्टोत पहिला भाग संपतो, पण बासूनचा एक सूर तसाच धरलेला राहतो आणि त्यातूनच दुसरा भाग निघतो. टाळी वाजवणार कधी? ‘स्कॉटिश’ सिम्फनीचे भागही मध्ये न थांबता वाजवावेत, अशी सूचना त्याने स्वरलिपीतच छापली.

तरी त्याच लाइपझिगमध्ये १८५९ साली पंचविशीतला ब्राम्स आपला पहिला पियानो कॉन्चेर्टो वाजवायला बसला, तेव्हा पहिल्या दोन भागांनंतर कुणी हात हलवला नाही. शेवटी कुठे दोन-चार टाळ्या पडल्या, तर बाकीच्यांनी हुर्यो उडवली. मधली शांतता हा तेव्हा आदर नव्हता, नापसंती होती.

ही शांतता सोवळी झाली ती वाग्नरच्या बायरॉइटला. १८८२ मध्ये ‘पार्सिफाल’ या ऑपेराच्या वेळी त्याने सुचवलं, की दुसऱ्या अंकानंतर कलाकारांना पडद्यासमोर बोलावू नये, वातावरण मोडतं. भक्तांनी त्याचा अर्थ टाळीच बंद असा घेतला. पुढच्या एका प्रयोगात खुद्द वाग्नर ‘ब्राव्हो’ ओरडला, तर त्यालाच लोकांनी दटावून गप्प केलं! राजापेक्षा राजनिष्ठ म्हणतात ते हेच.

चायकोव्हस्कीच्या ‘पॅथेटिक’ सिम्फनीपुढे मात्र मैफलीत रुळलेला हा नियम अजून लटका पडतो. तिसऱ्या भागाचा शेवट इतका जोरकस आहे, की सरावलेले श्रोतेही फसतात. म्हणून काही कंडक्टर हात खाली न घेताच चौथा भाग सुरू करतात.