हौशी खेळांची मासिके : लेखांची मांडणी आणि जाहिरातींची जागा

फलकावरील युद्धखेळ, भूमिकाखेळ, पत्त्यांचे किंवा संगणकीय खेळ छंद म्हणून खेळणाऱ्यांसाठी जी नियतकालिके निघतात, त्यांना हौशी खेळांची मासिके म्हणता येईल. त्यांच्यापुढे एक खास अडचण असते. ज्यांच्या खेळांविषयी लिहायचे, तेच बहुधा जाहिरातदारही असतात. म्हणून कोणता लेख कोठे घ्यावा आणि जाहिरात त्यापासून किती दूर ठेवावी, हा प्रश्न केवळ सजावटीचा न राहता वाचकाच्या विश्वासाचा होतो.

जाहिरातीविना : बारडोलीचा दाखला

या प्रश्नाचे एक टोकाचे उत्तर खेळांच्या जगाबाहेर, सुरत जिल्ह्यातील बारडोलीत सापडते. १९२८ च्या शेतसारा-सत्याग्रहात १३७ गावांच्या या तालुक्यासाठी सत्याग्रह पत्रिका निघत असे. तिचे संपादन जुगतराम दवे पाहत. गावोगावच्या बातम्या आणि वल्लभभाई पटेलांची भाषणे ही तिची सामग्री होती. तिचा आधार व्यापारी जाहिरात नव्हे, तर लढा होता. त्यामागे गांधीजींच्या पत्रांचा वारसा होता. दक्षिण आफ्रिकेतील ‘इंडियन ओपिनियन’ने आरंभी जाहिराती घेतल्या आणि १९१२ मध्ये त्या बंद केल्या. १९१९ पासून गांधीजींच्या हाती आलेली ‘नवजीवन’ व ‘यंग इंडिया’ ही साप्ताहिके जाहिरातींविनाच चालली.

छंदाच्या मासिकाला हा मार्ग सहसा परवडत नाही. त्याच्यामागे आंदोलन नसते. खर्चाचा सारा भार वर्गणीवर टाकल्यास वाचक गळतात. शिवाय नवा खेळ कोणता आला आणि तो कोठे मिळतो, हे सांगणारी जाहिरात छंदिष्टाला बातमीइतकीच हवी असते.

जाहिरात हाच पाया

दुसरे टोक म्हणजे कंपनीने स्वतः काढलेले मासिक. मराठीत त्याचे ठळक उदाहरण १९२० साली किर्लोस्करवाडीहून शंकरराव किर्लोस्करांनी सुरू केलेली ‘किर्लोस्कर खबर’ हे आहे. कारखान्याच्या मालाची माहिती देण्यासाठी निघालेले हे पत्र पुढे सर्वसामान्य वाचकांचे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. म्हणजे जाहिरातीपासून साहित्याकडे असा त्याचा प्रवास झाला.

ब्रिटनमधील ‘व्हाइट ड्वार्फ’चा प्रवास याच्या उलट झाला. गेम्स वर्कशॉपने १९७७ मध्ये काढलेल्या या मासिकात प्रारंभी इतर कंपन्यांच्या खेळांवरही लेख व परीक्षणे येत. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ते जवळजवळ पूर्णपणे स्वतःच्या कंपनीच्या खेळांपुरते उरले. मासिक चालू राहिले. पण इतर खेळांचे परीक्षण वाचू इच्छिणाऱ्याची जागा त्यातून गेली.

अमेरिकेत ॲव्हलॉन हिलने १९६४ पासून काढलेले ‘द जनरल’ हेही घरचेच पत्र. मात्र त्यातील ‘प्रतिस्पर्धी हवा’ अशा वाचकांच्या छोट्या जाहिरातींनी दूरदूरच्या खेळाडूंच्या गाठी घालून दिल्या. जाहिरात नेहमीच वाचकाच्या विरोधात जाते असे नाही, हे यावरून दिसते.

मांडणीची रीत

अशा मासिकात साधारणतः संपादकीय, मुख्य लेख, नियमांची उकल, खेळायला तयार प्रसंग, परीक्षणे आणि वाचकांची पत्रे असा क्रम असतो. सदरांची पाने ठरलेली ठेवली, तर वाचकाला ती सहज सापडतात. पाने फर्म्यांत छापली जात असल्याने पृष्ठसंख्या हवी तशी वाढवता येत नाही. म्हणून आधी डमी तयार करून लेखांची जागा निश्चित करावी व नंतर जाहिराती बसवाव्यात. मलपृष्ठ, मुखपृष्ठाची आतील बाजू आणि उजवीकडचे पान या जागांना अधिक मागणी असते.

पाळण्याजोगे नियम तीन : एखाद्या खेळाचे परीक्षण आणि त्याची जाहिरात समोरासमोर नसावी, लेखासारखी दिसणारी जाहिरात ‘जाहिरात’ या शब्दासह छापावी, आणि नियमांचा तक्ता किंवा नकाशा जाहिरातीने तोडू नये, कारण वाचक तो खेळताना समोर ठेवतो.

सूची आणि जतन

वर्षाअखेरीस खेळाचे नाव, लेखक आणि विषय अशी तिहेरी सूची दिल्यास जुने अंक उपयोगी राहतात. बांधणी करताना जाहिरातींची पाने काढून टाकण्याची प्रथा अनेक ग्रंथालयांत होती. त्यामुळे किमती, दुकानांचे पत्ते आणि विस्मृतीत गेलेल्या खेळांची नावे नाहीशी झाली. जतन करायचे असेल, तर अंक मुखपृष्ठापासून मलपृष्ठापर्यंत अखंड ठेवावा.

आजचा संदर्भ

२०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांच्या जाहिरातींना मनाई केली आणि ई-क्रीडेला मान्यता दिली. जाहिरातदार कोण असावा याची एक मर्यादा कायद्याने आखली. पण तिच्या आत लेख आणि जाहिरात यांच्यातील रेषा संपादकालाच ओढावी लागते. ती पुसली गेली, तर पहिले नुकसान होते ते परीक्षणावर विसंबून खेळ विकत घेणाऱ्या वाचकाचे.